टाकळा कसा ओळखायचा आणि कासविंद्यापासून कसं जपायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाऊस सुरू झाला की अंगणाच्या कडेला, रस्त्यालगत, पडीक जागेत पिवळ्या फुलांचं आणि लांब शेंगांचं एक तण माजतं. तो टाकळाच का? त्याची भाजी खाल्ली तर चालते का? बियांचा गजकर्णावर लेप लावतात, बिया भाजून कॉफीसारखं पेय करतात असं ऐकू येतं, ते खरं का?

टाकळ्याच्या बाबतीत हे सगळं खरं आहे. पण त्याच जागी, त्याच दिवसांत, तशाच पिवळ्या फुलांची त्याची दोन-तीन भावंडं उगवतात, आणि त्यांतल्या एकाच्या बियांनी लहान मुलं दगावलेली आहेत. म्हणून आधी ओळख, मग उपयोग.

पहिली अडचण फुलाचीच आहे. टाकळ्याला फूल येतं ते श्रावण-भाद्रपदात, आणि भाजी खुडायची ती ज्येष्ठ-आषाढात. भाजीच्या वेळी फूल नसतं. फूल दिसेपर्यंत पान जून, उग्र आणि कडवट झालेलं असतं. शिवाय या कुळातल्या सगळ्यांचीच फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, थोडी वाकडीतिकडी. त्यामुळे फुलावर विसंबू नका. पान आणि शेंग बघायला शिका.

टाकळ्याचं पान भुईमुगाच्या पानासारखं दिसतं, हे लक्षात ठेवायला सोपं. भुईमुगाला पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, दोन जोड्या असतात, टाकळ्याला तीन. अगदी कोवळ्या रोपाच्या खालच्या पानांना कधी दोनच जोड्या सापडतात, म्हणून एका रोपाची तीन-चार पानं बघावीत. पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर, देठाकडे निमुळत्या. शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. टोक अणकुचीदार नसतं, हे सर्वांत महत्त्वाचं. पान चुरडलं की उग्र दर्प येतो. संध्याकाळी पर्णिका मिटतात आणि सकाळी उघडतात, म्हणून ओळख दिवसाउजेडी करावी. मिटलेल्या पानात पुढची खूण नीट दिसत नाही.

ती खूण म्हणजे ग्रंथी. पान उलटं न करता, वरच्या बाजूने, मधल्या दांड्यावर जिथे पर्णिकांची जोडी जुळते तिथे बघा. सगळ्यांत खालच्या जोडीच्या मधोमध तांबूस-नारिंगी रंगाची, सुईच्या टोकाएवढी, उभी बारीक खुंटी दिसेल. दुसऱ्या जोडीतही तशीच एक असते. डोळ्यांनी दिसत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जवळून बघा, स्पष्ट दिसते. ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये, हे टाकळ्याचं लक्षण.

आता कासविंदा, शास्त्रीय नाव सेना ऑक्सिडेन्टॅलिस. संस्कृतात कासमर्द, हिंदीत कसौंदी. काही भागांत यालाच रानटाकळा म्हणतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. याच्या पानाला पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला स्पष्ट निमुळती, टोकदार असते. ग्रंथी एकच, आणि ती पर्णिकांच्या मध्ये नसते. पानाचा देठ खोडाला चिकटतो त्या फुगीर जागेलगत एक गडद मणी असतो, तीच ती. शेंगेतला फरक तर लांबूनही कळतो. टाकळ्याची शेंग दोऱ्यासारखी बारीक, चार ते सहा मिलिमीटर जाडीची, दहा-पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची शेंग चपटी, त्याच्या दुप्पट रुंद, वरच्या दिशेला उभी राहणारी, मध्ये तपकिरी आणि कडांना फिकट पट्टी असलेली. बियाही वेगळ्या. टाकळ्याचं बी लांबट, दोन्ही टोकांना तिरकं कापल्यासारखं, चकचकीत तपकिरी. कासविंद्याचं बी चपटं आणि गोलसर, मळकट हिरवट-तपकिरी.

तिसरं भावंड महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेने फार पसरलंय: सेना युनिफ्लोरा. हे मूळचं अमेरिका खंडातलं. पानं टाकळ्यासारखी वाटतात, पण खोडावर आणि देठावर दाट तपकिरी लव असते, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये देठ असलेली ग्रंथी असते, आणि शेंगा आखूड, तीन-पाच सेंटिमीटरच्या, झुपक्याने, मण्यामण्यांत चिमटलेल्या असतात. हे खाऊ नये. लव हाताला लागते, त्यामुळे टाळणं सोपं आहे. तरवड तर झुडूपच असतो, त्याच्याशी गल्लत होत नाही. चिमड म्हणजे चाकसूचं रोप हाताला चिकट लागतं आणि त्याला पर्णिकांच्या दोनच जोड्या असतात.

बारकाईने बघणाऱ्यांसाठी आणखी एक. आपण ज्याला टाकळा म्हणतो त्यात प्रत्यक्षात दोन जाती येतात: सेना टोरा आणि सेना ऑब्ट्युसिफोलिया. पहिलीला खालच्या दोन जोड्यांमध्ये ग्रंथी, दुसरीला फक्त सगळ्यांत खालच्या जोडीत. पहिलीच्या शेंगेचा देठ आखूड, सेंटिमीटरभर किंवा कमी. दुसरीचा त्याच्या दीडपट-दुप्पट लांब. वापराच्या दृष्टीने हा फरक दुय्यम आहे, दोन्ही सारख्याच वापरल्या जातात. पण एकच ग्रंथी सापडली म्हणून घाबरून जाऊ नये. ती पर्णिकांच्या मध्ये आहे की देठाच्या तळाशी, एवढंच विचारावं. जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा हे नाव दिसतं; 1982 मध्ये आयर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे कुळ नव्याने लावलं तेव्हापासून सेना हेच नाव रूढ झालंय. विदर्भात तरोटा, छत्तीसगडात चरोटा, हिंदीत चकवड, गोव्यात तायकिळो. संस्कृतात चक्रमर्द, प्रपुन्नाड आणि दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण, त्यामुळे मुख्य उपयोग नावातच आलेला आहे.

कासविंद्याबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर आणि आसपासच्या भागात पावसाळा संपल्यावर लहान मुलांना उलट्या, बेशुद्धी, आणि यकृत, स्नायू व मेंदू एकदम निकामी होण्याचा आजार वर्षानुवर्षं होत होता, आणि तो विषाणूमुळे येणारा मेंदूज्वर समजला जात होता. 2007 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिलं की ही मुलं खेळता खेळता कसौंदीच्या शेंगांतल्या बिया खात होती. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात अनेक मुलं दगावली, तेव्हाही विषाणूतज्ज्ञ डॉ. जेकब जॉन यांच्या पथकाने तिथल्या ‘बडा चकुंडा’कडे, म्हणजे याच झाडाकडे बोट दाखवलं. ओडियात चकुंडा म्हणजे टाकळा. बडा चकुंडा आणि रानटाकळा, दोन्ही नावांत तीच फसगत आहे: मोठा किंवा रानातला टाकळा असेल असं वाटून माणूस बेसावध राहतो. घराजवळ, अंगणवाडीजवळ, शाळेजवळ कासविंदा दिसला तर शेंगा धरण्याआधी, फूल दिसताच मुळासकट उपटावा. मुलाने बिया खाल्ल्याचा संशय असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. शेंग किंवा फांदी सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. डॉक्टरांना झाड दाखवणं फार उपयोगी पडतं, कारण बाहेरून लक्षणं मेंदूज्वरासारखीच दिसतात.

आता भाजी. रोप वीतभर असताना, पहिल्या जोरदार पावसानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी शेंडे खुडायचे. उपटायचं नाही; वरची चार-पाच पानं नखाने खुडली की खालून फांद्या फुटतात आणि आठ-दहा दिवसांनी दुसरी खुडणी मिळते. कळी दिसायला लागली की थांबायचं. रहदारीच्या रस्त्याची कड, गटाराचा काठ आणि तणनाशक फवारलेले बांध सोडून द्यावेत. फवारलेलं रोप पहिले काही दिवस हिरवंगार दिसतं, म्हणून बांध ज्याचा असेल त्याला विचारल्याशिवाय खुडू नये. पानांच्या आत बारीक हिरव्या अळ्या असतात. पिवळी-पांढरी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात. पानं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली आणि दोनदा धुतली की अळ्या निघतात.

चार माणसांना चिरलेली पानं दाबून चार वाट्या लागतात. शिजल्यावर वाटी-सव्वा वाटीच उरते. देठ जून असेल तर फक्त पानं घ्यावीत, नाहीतर तोंडात चोथा राहतो. कोकणी पद्धतीत दोन मध्यम कांदे, पाच-सहा लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल. आदल्या उन्हाळ्यात ठेवलेल्या फणसाच्या आठ-दहा आठळ्या सोलून, चार तुकडे करून आधी उकडून घ्यायच्या. तेलावर लसूण आणि मिरची, मग कांदा पारदर्शक होईपर्यंत, मग पानं. पहिली पाच मिनिटं झाकण ठेवायचं नाही. इथेच बहुतेकांची भाजी बिघडते: सुरुवातीलाच झाकण ठेवलं तर दर्प आत कोंडतो आणि भाजीला उतरतो. पानं बसली की आठळ्या, मीठ आणि एक-दोन आमसुलं घालून झाकण, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. शेवटी अर्धी वाटी ओलं खोबरं. मीठ पानं बसल्यावरच घालावं, कारण कच्च्या पानांच्या ढिगावर अंदाज चुकतो आणि भाजी हमखास खारट होते.

विदर्भात तरोट्याची भाजी करताना पानं आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकून, निथळून, हाताने घट्ट पिळून घेतात, आणि मग भिजवलेली तूर किंवा हरभऱ्याची डाळ घालून लसणाच्या फोडणीवर परततात. पान थोडं जून असेल, किंवा घरात कोणी पहिल्यांदाच खाणार असेल, तर हीच पद्धत बरी. कडवटपणाही जातो आणि सारक गुणही कमी होतो. कोवळं पान असेल तर मात्र उकळून पिळून टाकणं म्हणजे चव फुकट घालवणं.

सारक गुणाचं कारण पानांत आणि बियांत असलेली अँथ्राक्विनोन वर्गातली द्रव्यं. सोनामुखीच्या पानांतही याच वर्गातली द्रव्यं असतात, आणि सोनामुखी याच कुळातली. म्हणून टाकळ्याची भाजी हंगामात आठवड्यातून एक-दोनदा, वाटीभर, एवढीच खावी. गरोदर बाईने, जुलाब होत असलेल्याने आणि दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांनी खाऊ नये. पहिल्यांदा खाताना अर्धी वाटीच खाऊन बघावी. दुसऱ्या दिवशी पोट ढिलं झालं तर प्रमाण जास्त झालं किंवा पान जून होतं असं समजावं.

गजकर्णावरच्या लेपाला आधार आहे. बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्याच्याशी संबंधित द्रव्यं असतात आणि ती बुरशीविरुद्ध काम करतात. आयुर्वेदात त्वचारोगांसाठी चक्रमर्दाच्या बिया आंबट द्रवात वाटून लावायला सांगितल्या आहेत. करताना लोक चुकतात ते भिजवण्यात. टाकळ्याच्या बीचं कवच इतकं टणक असतं की अख्खं बी रात्रभर ताकात ठेवलं तरी सकाळी तसंच कोरडं निघतं. आधी खलबत्त्यात भरड कुटायचं. मग दोन चमचे भरडीला चार चमचे आंबट ताक घालून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात आठ-दहा तास झाकून ठेवायचं, आणि गुळगुळीत वाटायचं. ताकाऐवजी लिंबाचा रसही सांगतात. मी ताकच सुचवेन, कारण लिंबाचा रस लावलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लेप लावून चोवीस तास थांबा. आग झाली नाही, लाल झालं नाही, तरच पुढे जा. चट्टा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून, त्यावर आणि कडेबाहेर बोटभर रुंदीपर्यंत लेप लावायचा, कारण बुरशी कडेला वाढत असते. वीस-तीस मिनिटांनी धुवायचं, पुन्हा कोरडं करायचं. दिवसातून एकदा, रोज ताजा लेप. चेहरा, जांघ, ओरखडे पडलेली कातडी आणि लहान मुलं यांना लावू नये.

हा उपाय एखाद-दुसऱ्या, नुकत्याच उठलेल्या, छोट्या चट्ट्यापुरता आहे. दोन आठवड्यांत कड मागे सरली नाही, चट्टे वाढले, किंवा घरात आणखी कोणाला झालं, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. आजचं गजकर्ण पंचवीस वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही. औषधांना दाद न देणारी बुरशी भारतात मोठ्या प्रमाणावर पसरलीय. 2020 मध्ये त्यातल्या एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, ते भारतावरूनच. दुकानातून मागून घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तर रोग वरून दबतो आणि आतून पसरतो. असं मलम लावून झालेल्या चट्ट्यावर टाकळ्याचा लेप लावून काही साधत नाही, उलट कातडी पातळ झालेली असल्याने आग होते.

गळवावर पान गरम करून, एरंडेल लावून बांधण्याची पद्धतही आहे. त्याने शेक मिळतो, ठणका कमी होतो. त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये.

बियांचं पेय. जपान, कोरिया आणि चीनमध्ये भाजलेल्या टाकळ्याच्या बियांचा चहा जुना आहे, आणि आपल्याकडेही कॉफीऐवजी या बिया वापरल्या गेल्यात. शेंगा कार्तिक-मार्गशीर्षात तपकिरी झाल्या, पण फुटल्या नाहीत, अशा वेळी झाड कापून ताडपत्रीवर वाळवायचं, बडवायचं, पाखडायचं. मग बियांचा ढीग पांढऱ्या कागदावर पसरून एकेक बी बघायचं. एकही चपटं, गोल बी सापडलं तर तो अख्खा गट टाकून द्यायचा. निवडून काढत बसायचं नाही. म्हणून या कामासाठी बिया बाजारातून किंवा सांगोवांगी घेऊ नयेत. झाड उभं असताना पान बघून ओळखलेलं असेल तरच. लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवत, बारा-पंधरा मिनिटं, बिया तडतडून गडद होईपर्यंत भाजायच्या. कमी भाजलेली बी कडवट आणि जास्त सारक लागते, करपलेलीला राखेची चव येते. दोन कप पाण्याला एक चहाचा चमचा भरड पूड, पाच मिनिटं उकळून गाळायची. चव कोको आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या मधली. यात कॅफिन नसतं. कधीमधी एक कप ठीक. रोजची सवय लावण्याचं मी सुचवणार नाही.

बियांचा मोठा व्यापार मात्र वेगळ्याच कारणासाठी चालतो. बीचं कवच आणि अंकुर वेगळे काढून मधल्या भागापासून डिंकासारखी पूड बनते, ती डबाबंद पशुखाद्य दाट करायला जाते. अँथ्राक्विनोन मुख्यतः कवचात आणि अंकुरात असतात. खाद्यपदार्थांत वापरायच्या या डिंकात युरोपात त्यांची मर्यादा दर किलोला अर्धा मिलिग्रॅम इतकी कडक आहे. भरड कुटून केलेल्या घरगुती पुडीत हे भाग वेगळे होत नाहीत, म्हणून प्रमाणाचा एवढा आग्रह.

रंगकामात याचा एक सुंदर उपयोग आहे. दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूत, निळीचा हौद जिवंत करायला टाकळ्याच्या बिया उकडून, ठेचून, पाण्यासकट चुन्याबरोबर घालतात. बियांतली पिठूळ, चिकट द्रव्यं जिवाणूंचं खाद्य होतात, हौद आंबतो, आणि पाण्यात न विरघळणारी नीळ विरघळणाऱ्या पिवळसर-हिरव्या रूपात येते. त्यात बुडवलेलं कापड हवेत काढलं की डोळ्यांदेखत निळं होतं.

शेतकऱ्याला टाकळा नकोसा वाटतो, आणि सोयाबीनच्या शेतात तो खरंच त्रास देतो. टणक कवचामुळे बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं उगवतं. एकदा शेंगा फुटू दिल्या की पुढची बरीच वर्षं निंदणी वाढते. पण पडीक जागेत, गाजर गवत माजलेल्या कडेला, हाच टाकळा उपयोगी आहे. त्याची दाट वाढ गाजर गवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानेही याच कामासाठी टाकळा पेरण्याची शिफारस केलेली आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी गोळा करायचं आणि एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी, गाजर गवताच्या जागेवर फेकायचं. फेकण्याआधी बी जाड वाळूबरोबर गोणपाटावर चोळून घेतलं तर उगवण एकसारखी होते.

गुरं हिरवा टाकळा सहसा तोंडात घेत नाहीत. पण शेंगांसकट वाळलेलं झाड कडब्यात किंवा गवताच्या गंजीत मिसळलं तर खातात, आणि बिया जास्त पोटात गेल्या तर जनावराचे स्नायू निकामी होऊन ते बसून राहतं. कासविंद्याच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. त्यामुळे उपटलेली शेंगांची झाडं बांधावर टाकून ठेवू नयेत, खड्ड्यात पुरावीत.